गोळी रात्रीची, गाडी सकाळची

लांबच्या प्रवासाला पहाटेच निघायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गणपतीला कोकणात जायचं असो, देवदर्शन असो की नात्यातलं लग्न. ‘चारला निघालो की ऊन चढायच्या आत पोहोचतो’ हा हिशेब घरोघरी होतो. रात्री बॅगा भरल्या जातात, डिकीत सामान लागतं, गजर लावला जातो. ज्याच्या हाती स्टिअरिंग असणार, त्याला सगळे बजावतात, ‘तू लवकर झोप बरं, उद्या गाडी तुलाच चालवायचीय.’ पण झोप सांगून येत नाही. ज्याला आधीपासून झोपेची गोळी चालू आहे, तो अशा रात्री ती न चुकता घेतो, कारण उद्या ताजंतवानं असायला हवं. हेतू चांगलाच असतो. मात्र अकराला घेतलेली गोळी आणि चारला फिरवलेली किल्ली यांच्यामध्ये जेमतेम पाच तास असतात. एवढ्या वेळात माणूस जागा होतो, गोळीचा अंमल मात्र उतरलेला नसतो. डोळे उघडणं ही एक गोष्ट आणि औषध उतरणं ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्ट आपल्याला आतून कळत नाही. म्हणून गाडी काढायची की नाही, हे ‘आत्ता मला बरं वाटतंय’ यावर ठरवणं धोक्याचं आहे. ते कोणती गोळी, किती आणि कधी घेतली, यावरच ठरायला हवं.

झोपेच्या प्रचलित गोळ्यांपैकी बहुतेक गोळ्या मेंदूतल्या एकाच यंत्रणेवर काम करतात. ‘गाबा’ नावाचं रसायन मेंदूच्या पेशींची धावपळ मंदावतं. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं आणि त्यांच्यानंतर आलेली झोल्पिडेम, झोपिक्लोन ही औषधं त्या गाबाचा परिणाम वाढवतात. पण मेंदूचा फक्त झोपेपुरता भाग मंदावावा आणि बाकीचा तल्लख राहावा, अशी सोय त्यात नाही. लक्ष, स्मरण, तोल, डोळ्यांनी पाहिलेलं हातापायांपर्यंत पोहोचण्याचा वेग, सगळंच थोडंथोडं सैल पडतं. हा सैलपणा किती वेळ राहणार, हे औषधाच्या अर्धायुकालावरून, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेवरून, बरंचसं कळतं. झोल्पिडेमचा अर्धायुकाल साधारण अडीच तासांचा. म्हणजे पाच तासांनी पाव हिस्सा उरतो, आठ तासांनी नववा हिस्सा. झोपिक्लोनचा पाच तासांच्या आसपास, म्हणून आठ तासांनीही तिसरा हिस्सा शिल्लक. अल्प्राझोलामचा अकरा तासांच्या घरात, म्हणजे रात्रीची पूर्ण झोप झाली तरी निम्म्याहून अधिक औषध रक्तात. क्लोनाझेपामचा तर तीस ते चाळीस तास. दुसरी रात्र येते तरी पहिल्या रात्रीचं निम्मंदेखील उतरलेलं नसतं आणि त्या शिलकीत नव्या गोळीची भर पडते. ‘मी अर्ध्या मिलिग्रॅमचीच घेतो, हलकी आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. मिलिग्रॅमचा आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, असा अर्थ होत नाही. शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. वय वाढलं, यकृत कमजोर असलं, सोबत दुसरी औषधं चालू असली, तर उतरण्याचा काळ लांबतो.

रक्तात औषध आहे एवढ्यावरून गाडी चालवणं बिघडतं असं म्हणता येणार नाही, हे खरंच. त्यासाठी प्रत्यक्ष गाडी चालवून पाहायला हवी, आणि नेदरलँडमधल्या संशोधकांनी गेली चाळीसेक वर्षं नेमकं तेच केलं आहे. १९८०च्या दशकात जेम्स ओहॅनलन यांनी तिथे एक चाचणी बसवली. स्वयंसेवकाला रात्री गोळी द्यायची. कधी खरी, कधी तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि आज कुठली मिळाली हे त्याला कळू द्यायचं नाही. सकाळी त्याला खऱ्या महामार्गावर, रोजच्या वाहतुकीत, सुमारे शंभर किलोमीटर गाडी चालवायला लावायची. शेजारी प्रशिक्षक बसलेला, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. सूचना दोनच: वेग ताशी ९५ किलोमीटर ठेवा आणि आपल्या लेनच्या मधोमध राहा. गाडीवर बसवलेला कॅमेरा तासभर एकच गोष्ट नोंदवतो, ती म्हणजे चाकं लेनच्या रंगवलेल्या पट्टीपासून किती जवळ-दूर होतात. कितीही पट्टीचा चालक असला तरी गाडी रेषेसारखी सरळ जात नाही. तिचं किंचित डावीकडे-उजवीकडे होणं चालूच असतं आणि आपले हात ते नकळत सावरत असतात. दारू पोटात गेली की हे हेलकावे वाढतात. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना ते सरासरी २.४ सेंटिमीटरने वाढतात, आणि तीच संशोधकांची फूटपट्टी झाली. झोपिक्लोनची नेहमीची साडेसात मिलिग्रॅमची मात्रा घेतल्यावर दहा-अकरा तासांनीही गाडीचे हेलकावे या फूटपट्टीच्या पुढे गेलेले दिसले. भारतात खासगी गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, रात्रीच्या एका गोळीमुळे, सकाळी नऊ वाजता आपल्या कायद्याला नामंजूर असलेल्या अवस्थेत गाडी चालवत असू शकतो.

अडीच सेंटिमीटर म्हणजे बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत, त्याने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण ही सरासरी आहे. सरासरीत एवढी वाढ होते तेव्हा अधूनमधून बसणारा मोठा हेलकावा कितीतरी जास्त वाढलेला असतो, आणि अपघात त्या एखाद्या मोठ्या हेलकाव्यातच होतो. आपल्या द्रुतगती मार्गांवरची एक लेन साधारण पावणेचार मीटर रुंद असते आणि ट्रक अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे ट्रकच्या दोन्ही अंगांना साठ-साठ सेंटिमीटरच उरतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागलेले दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यांत नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त गेला, तर गाडी एका लांब एसटी बसच्या लांबीहून अधिक पुढे गेलेली असते. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट, एकसुरी रस्त्यावर तर जागं ठेवणारं बाहेर काहीच नसतं. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही. तिथे सगळी भिस्त चालकाच्या स्वतःच्या सावधपणावर असते, आणि गोळी नेमका तोच कमी करते.

या विषयातला सगळ्यात बोलका धडा झोल्पिडेमचा आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये हे औषध मंजूर झालं, तेव्हा बाईला आणि पुरुषाला सारखीच, दहा मिलिग्रॅमची मात्रा ठरली. पुढची वीस वर्षं तीच चालू राहिली. मग रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्या चाचण्यांची आकडेवारी अमेरिकेच्या औषध प्रशासनासमोर, म्हणजे एफडीएसमोर आली. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या वर झोल्पिडेम असेल तर गाडी चालवण्याची क्षमता अपघाताचा धोका वाढण्याइतकी खालावते, असं मानलं जातं. दहा मिलिग्रॅमची गोळी घेऊन आठ तास उलटल्यावर या रेषेच्या वर पुरुष होते सुमारे ३ टक्के आणि स्त्रिया सुमारे १५ टक्के. सावकाश विरघळणाऱ्या साडेबारा मिलिग्रॅमच्या गोळीत हेच प्रमाण पुरुषांत २५ टक्के आणि स्त्रियांत ३३ टक्के होतं. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, एवढी साधी गोष्ट मात्रेत उतरायला वीस वर्षं लागली. जानेवारी २०१३ मध्ये एफडीएने स्त्रियांची मात्रा निम्मी करायला सांगितली आणि त्याच वर्षी, सावकाश विरघळणारी गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीच चालवू नये, असा इशारा जोडला. सकाळी मुलांना स्कूटरवरून शाळेत सोडून पुढे कामावर जाणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य बायकांसाठी ही माहिती अमेरिकेची म्हणून परकी नाही. त्यातल्या जिला ही गोळी चालू आहे, तिने आपली मात्रा किती आहे हे आजच पाहावं आणि डॉक्टरांना विचारावं.

पण ‘मला गुंगी वाटली तर मी चालवणारच नाही’ असं कुणीही म्हणेल, आणि बहुतेकांची भिस्त याच वाक्यावर असते. एफडीएने २०१४ मध्ये एसझोपिक्लोन या औषधाची सुरुवातीची मात्रा दोनवरून एक मिलिग्रॅमवर आणली, त्यामागे हेच वाक्य खोटं ठरवणारी चाचणी होती. २५ ते ४० वयाच्या ९१ निरोगी माणसांना तीन मिलिग्रॅमची गोळी दिली गेली. साडेसात तासांनी त्यांच्या हालचालींचा मेळ आणि स्मरण ठळकपणे बिघडलेलं दिसलं, काही परिणाम अकरा तासांपर्यंत टिकले, आणि त्यातल्या अनेकांना आपण बिघडलो आहोत याची जाणीवच नव्हती. आयोवा विद्यापीठात २००० साली सर्दी-ॲलर्जीवरच्या डायफेनहायड्रमिन या जुन्या औषधाची तपासणी गाडीच्या सिम्युलेटरवर झाली, तीही हेच सांगते. ते औषध घेतलेल्यांनी दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट गाडी चालवली, आणि कुणाला किती पेंग येतेय असं वाटत होतं, यावरून कोण किती वाईट चालवणार हे सांगता येत नव्हतं. कारण सरळ आहे. आपण ठीक आहोत का, हे तपासणारा मेंदू आणि औषधाने मंदावलेला मेंदू एकच असतो. ज्या तराजूत वजन करायचं, त्याचाच काटा ढळलेला असेल तर माप कसं खरं येणार? २०१२च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या महामार्गावर केरी केनेडी या महिलेच्या गाडीची ट्रेलरशी धडक झाली. थायरॉइडच्या गोळीऐवजी चुकून झोल्पिडेम घेतली गेली आणि आपल्याला काय होतंय ते कळलंच नाही, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. गुंगी येऊ लागताच त्यांनी थांबायला हवं होतं, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता. २०१४ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. निकाल कुणाला पटो वा न पटो, ‘जाणवलं की थांबेन’ या भरवशाची कमजोरी त्या खटल्यात उघडी पडली.

चाचण्या मोजक्या माणसांवर होतात, म्हणून मोठ्या लोकसंख्येतलं चित्रही पाहायला हवं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात चार लाखांहून अधिक प्रौढांच्या औषधांच्या आणि अपघातांच्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा झोल्पिडेम नव्याने सुरू केलेल्यांत अपघाताचा धोका दुपटीहून थोडा जास्त आढळला. २०१५ साली हा अभ्यास छापून आला. त्यावर एक आक्षेप रास्त आहे. गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी, जास्त चिंतेत, जास्त थकलेले असतात. मग दोष गोळीचा कशावरून? या आक्षेपाला स्कॉटलंडच्या टेसाइड भागातला १९९८चा अभ्यास चांगलं उत्तर देतो. तिथे संशोधकांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलनाच केली नाही. अपघात झालेल्या चालकाची तुलना त्याच्याशीच केली: अपघाताच्या दिवशी तो गोळीवर होता का, आणि त्याआधीच्या आठवड्यांत त्याच वारी, जेव्हा अपघात झाला नाही तेव्हा, होता का? माणूस तोच, स्वभाव तोच, आजारही तोच. तरीही बेन्झोडायझेपिनने अपघाताची शक्यता दीडपटीहून जास्त, आणि झोपिक्लोनने सुमारे चौपट झालेली दिसली. झोपिक्लोनच्या आकड्यामागे माणसं थोडी होती, त्यामुळे तो नेमका चारच आहे असा हट्ट धरू नये. पण स्वतंत्र देश, स्वतंत्र पद्धती, महामार्गावरच्या चाचण्या आणि रक्ताचे अहवाल एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा तो योगायोग मानायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. रात्रभर तळमळून, न झोपता सकाळी गाडी चालवणं तरी कुठे सुरक्षित? हे अगदी खरं आहे. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये झालेल्या प्रयोगात सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरलेली दिसली. निद्रानाश हा दुखणाईताचा हट्ट नव्हे; तो खरा आजार आहे आणि त्यावर उपचार हवेच. प्रश्न एवढाच, की गोळी त्या बदल्यात किती झोप देते. झोल्पिडेमच्या गटातल्या औषधांच्या १३ चाचण्या एकत्र तपासून २०१२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जो निष्कर्ष आला, त्यानुसार औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत झोप सरासरी २२ मिनिटं लवकर लागते. तळमळणाऱ्याला २२ मिनिटंही मोलाची असतात. पण तेवढ्याने सकाळचा सगळा थकवा निघून जात नाही. उलट थकवा आणि गोळीची शिल्लक या दोन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर आधी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी द्यावी, अशी शिफारस केली. उठायची वेळ पक्की करणं, झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत न राहणं, अंथरुणातला वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवणं, झोपेविषयीची धास्ती मोडणं, असं तिचं स्वरूप आहे. तिच्या पहिल्या काही आठवड्यांत दिवसा पेंग वाढू शकते, त्यामुळे तेव्हाही गाडी जपूनच चालवायला हवी. पण गोळी थांबल्यावरही तिचा फायदा टिकून राहतो.

तिसरं म्हणणं वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं असतं: ‘मला आता सवय झालीय.’ यात तथ्य आहे. कॅनडातल्या क्विबेकमध्ये ६७ ते ८४ वयाच्या चालकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ टिकणारी बेन्झोडायझेपिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जखमी करणाऱ्या अपघातांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी जास्त होतं, आणि गोळी पुढे चालू राहिल्यावर ही वाढ २६ टक्क्यांवर आली. सवयीने धोका उतरतो, पण शून्यावर येत नाही. त्याच अभ्यासात लवकर उतरणाऱ्या गोळ्यांनी अशी वाढ दाखवली नाही. म्हणजे सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजणंही चूक. तरीही सवय झालेल्या माणसाची मात्रा वाढली, गोळी बदलली, वय सत्तरीकडे झुकलं किंवा रात्री जेवताना दोन पेग झाले, की जुनी सवय उपयोगाची राहत नाही. दारू आणि ही औषधं मेंदूत एकाच बाजूने ढकलतात. दोन्ही मिळून होणारी गुंगी साध्या बेरजेपेक्षा भारी पडते. आणि हा लेख वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी एकदम बंद करू नये. बेन्झोडायझेपिन बरेच दिवस चालू असताना अचानक तोडली तर जीव घाबरा होणं, झोप पार उडणं आणि क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.

कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबरच, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतपत औषधाच्या अंमलाखाली असणं हाही गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नाक्यावर फुंकायला लावलेल्या यंत्राला गोळी दिसत नाही, आणि अपघातांच्या सरकारी तक्त्यांत दारू आणि औषधं एकाच रकान्यात असतात. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ आणि महाराष्ट्रात १५,२२४ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यांतल्या किती जणांच्या किंवा त्यांना धडकलेल्यांच्या रक्तात रात्रीची गोळी होती, ते या तक्त्यांवरून कळत नाही. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, मेडिकलवाल्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं, पाकिटावर लाल चौकट हवी. त्या चौकटीतला ठरलेला मजकूर डॉक्टरी सल्ल्याशिवाय घेऊ नका असं सांगतो; गाडीबद्दल त्यात शब्द नाही. फ्रान्समध्ये अशा औषधांच्या खोक्यावर गाडीचं चित्र असलेला त्रिकोण छापतात: पिवळा म्हणजे जपून, केशरी म्हणजे डॉक्टरांना विचारून, लाल म्हणजे चालवूच नका. झोल्पिडेम आणि झोपिक्लोनवर लाल त्रिकोण असतो. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण आहे. ज्या देशात पाकिटावरचा बारीक इंग्रजी मजकूर बहुतेकांना वाचता येत नाही, त्या देशाला तिची गरज फ्रान्सपेक्षा जास्त आहे, आणि ती छापायला खर्च फक्त शाईचा आहे.

तोवर काम आपल्यालाच करायचं आहे. गोळी लिहून देताना डॉक्टर विचारतात, ‘बीपी आहे का, शुगर आहे का?’ त्याच दमात ‘सकाळी किती वाजता गाडी काढता?’ हेही विचारलं जावं. त्यांनी नाही विचारलं, तर आपण सांगावं. सहाला रिक्षा बाहेर काढणारा, रात्रपाळीचा ट्रकचालक, पहाटे दूध पोहोचवणारा, या सगळ्यांची रोजी गाडीवर आहे. त्यांनी हे लपवलं तर डॉक्टर कमी टिकणारं औषध निवडू शकत नाहीत की दुसरा उपाय सुचवू शकत नाहीत. मध्यरात्री तीनला जाग आली म्हणून उरलेली अर्धी गोळी घेणं, आणि सकाळी सातला गाडी काढणं, हे दोन्ही एका रात्रीत होऊ देऊ नये. गोळी नवी असेल, मात्रा वाढली असेल, तर पहिले काही दिवस बस, लोकल किंवा दुसऱ्या कुणाची मागची सीट बरी. सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं औषध मेडिकलमधून परस्पर आणतानाही ‘याने झोप येते का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. आणि पहाटे निघायच्या आदल्या रात्री घरात जेव्हा सगळे चालवणाऱ्याला ‘लवकर झोप बरं’ म्हणतील, तेव्हा कुणीतरी त्याला आणखी एक विचारावं: ‘आज गोळी घेणार आहेस का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर गजर पहाटेऐवजी उन्हं वर आल्यावरचा लावावा, किंवा किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. कोणत्या गोळीनंतर किती तास थांबायचं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असेल, तर हा निर्णय घ्यायला मिनिटभरही लागत नाही. वाटेत ऊन लागेल, थोडा उशीर होईल. पण घरातली सगळी माणसं पोहोचतील.